मापाचा ब्लाउज

पहिल्याच वाक्याशी अडले.
मी लिहिलं, ‘मी ढगळ कपडे घालते.’
आजरेकर बाईंनी ते उलट इंग्रजीत नेलं
तर परत आले गबाळे कपडे.
‘अंग झाकेल असे’ केलं
तर परत आले सभ्य.
आमच्याकडे लपणं आणि सभ्यपणा
एकाच तागातून बेततात,
हे तळटीपेत लिहू का, विचारलं.
सर म्हणाले, तळटीपा शेवटी बघू.

‘शरीर’ दवाखान्यातलं निघालं.
‘देह’ म्हटलं की कीर्तन सुरू.
‘बांधा’ वधू-वर सूचकच्या फॉर्मवरचा,
सडपातळच्या शेजारी बसलेला.
शेवटी ‘अंग’ ठेवलं, आणि मग रात्रभर
अंगाशी येणं, अंगावर काढणं,
अंग चोरून बसणं.
अंग चोरून बसणं!
एकोणीस वाक्यांत जे मोजायचं होतं
ते भाषेनं तीन शब्दांत उरकून ठेवलेलं,
आणि मी कोश घेऊन बसले होते.

राजारामपुरीतल्या कॉलेजात
पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून
प्रत्येकीनं त्यावर मोबाइल ठेवला.
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.
क्रमांक सत्तेचाळीस, गगनबावड्याकडची, हात वर:
‘मॅडम, आरशात बघायचं टाळते का, असं विचारलंय.
आमच्या घरात आरसा तोंडापुरताच हाय.
टाळायला मोठा लागतोय की.’
सगळ्या हसल्या. मी ‘कधीच नाही’ मांडलं.
ते चूक होतं, आणि दुसरं काही बरोबर नव्हतं.

मुलग्यांचे फॉर्म नंतर भरून घेतले.
क्रमांक बासष्टनं तालीम सोडून दोन वर्षं झालेली.
‘पंचगंगेवर पोहायला जात न्हाई आता,’ म्हणाला,
‘सदरा काढाय लागतो.’
मग ‘बऱ्याचदा’वर खूण केली,
खोडली, ‘क्वचित’वर केली,
खोडरबराचा चुरा फुंकून कागद दिला.
फुंकरीला रकाना नव्हता.

पंधरा दिवसांनी त्याच मुलांकडून तेच पुन्हा.
आकडे जुळले. विश्वासार्हता चांगली आली,
सरांनी सगळ्यांना मिसळ दिली,
आणि मी एकच पाव घेतला,
भूक असून, सर समोर होते म्हणून.

शाहूपुरीत मोमीनचाचांकडे
कापड टाकायला गेले तेव्हा
पिशवीतून फॉर्म खाली पडला.
चष्मा सरकवून त्यांनी सगळा वाचला.
‘ह्येच व्हय? मग आमची वही बगा.
एकतीस वर्सं. मापाम्होरं “ढि” लिवलेलं.
ढि म्हंजे, बाई म्हटली ढिलं ठेवा.
हिचं अडतीस, ढि. तिचं बत्तीस, तरीबी ढि.
ही नवरी. हिला कायच नको व्हतं ढिलं,
तिच्या आईनं सांगितलं.’
कुणी तपासली नव्हती ती वही,
कुणाची परवानगीची सही नव्हती त्यात.

‘टेप लावू?’
तोवर माझा हात पिशवीत गेला होता.
जांभळा, काखेत विटलेला,
मापाचा ब्लाउज.
‘ह्याच्यासारखाच,’ मी म्हटलं.
त्यांनी तो उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं.
दोनदा उसवून सोडलेली शिवण,
दोन्ही वेळा त्यांनीच.
काही बोलले नाहीत.
वहीत लिहिलं, आणि वही
माझ्याकडे वळवली नाही.

रात्री विसावं वाक्य लिहिलं:
‘मी शिंप्याला टेप लावू देत नाही,
जुना ब्लाउज देते.’
सरांना फोनवर वाचून दाखवलं.
ते म्हणाले, मूळ चाचणीत नाही ना ते,
घातलं तर ती चाचणीच राहणार नाही.
खरं आहे. मूळ जिथं झाली
तिथं कपडे तयार मिळत असतील.

तरी पेन्सिलनं खूण केली. कुठं, ते राहू दे.
मग खोडरबर शोधला. तो बासष्टकडेच राहिला बहुतेक.

ब्लाउज गुरुवारी मिळेल म्हणालेत.